तळपायाचा काळा डाग आणि पोटातलं बाळ

गरोदर बाईच्या पोटावरून दर महिन्याला जाणता हात फिरतो. वजन होतं, रक्तदाब पाहिला जातो, बोट टोचून हिमोग्लोबिन तपासलं जातं, सोनोग्राफीत बाळाचा मणका, हृदय, डोकं सगळं मोजलं जातं. सूज आहे का म्हणून घोट्यावर अंगठा दाबला जातो आणि तपासणी तिथेच थांबते. तळपाय कोणी उलटून पाहत नाही. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर-दौंडच्या बाईच्या बाबतीत एका दुर्मीळ पण घातक कॅन्सरची जागा मात्र तिथेच, घोट्याच्या खाली असू शकते. त्या कॅन्सरचं नाव मेलॅनोमा.

हा आजार आपल्याकडे फार थोड्यांना होतो, हे आधी सांगायला हवं. भारतात वर्षाला लाखात एकालाही तो होत नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये त्याचं प्रमाण जगात सर्वांत जास्त आहे. गोऱ्या कातडीच्या लोकांच्या देशांत गरोदरपणात सापडणाऱ्या कॅन्सरमध्ये स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबरोबर मेलॅनोमाचंही नाव येतं. त्यामुळे त्याविषयी जे वाचायला मिळतं ते बहुतेक तिकडचं असतं: उन्हात जाऊ नका, पाठीवरचे तीळ मोजा. कुरकुंभ किंवा रांजणगावच्या एमआयडीसीत काम करणारी, मोबाइलवर शोधून घाबरलेली तरुण गर्भवती ते वाचते आणि तिला दोनच गोष्टी छळतात. हे मला होऊ शकतं का? आणि झालं तर माझ्या बाळाचं काय?

उन्हाचा संबंध थोडा, पायाचा जास्त

कातडीला रंग देणाऱ्या पेशी आपल्या सर्वांच्या अंगात असतात. त्या पेशी बिघडून बेसुमार वाढू लागल्या की मेलॅनोमा होतो. गोऱ्या माणसात त्यामागे मुख्यतः ऊन असतं. सावळ्या कातडीला तिचाच रंग उन्हापासून बराच वाचवतो. म्हणून आपल्याकडे मेलॅनोमा होतो तेव्हा तो बहुधा ऊन न पोचणाऱ्या जागी होतो: तळपाय, तळहात, नखाखाली, तोंडाच्या आत, गुदद्वाराजवळ. जमैकाचा गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली 1977 मध्ये हाच कॅन्सर सापडला. फुटबॉल खेळताना लागलेली जखम म्हणून आधी त्याकडे फारसं लक्ष गेलं नव्हतं. 1981 मध्ये, वयाच्या अवघ्या 36व्या वर्षी तो गेला.

भीमा आणि घोड नदीच्या काठच्या उसाच्या पट्ट्यात पायाला लागणं ही रोजची बाब. फडात पाचट बोचतं, तोडलेल्या उसाचा बुडखा टाचेत घुसतो, बाभळीचा काटा मोडून आत राहतो, गुऱ्हाळावर चटका बसतो. टाचेला भेगा आणि बोटाला कुरूप तर घरोघरी. अशा पायावर नवा काळा डाग उठला तर तो काट्याचा, साकळलेल्या रक्ताचा किंवा कुरपाचा समजला जातो. कोणी त्यावर चुना लावतं, कोणी ब्लेडने खरवडतं, कोणी चामखीळ समजून घोड्याच्या शेपटीच्या केसाने बांधतं. बहुतेक वेळा तो डाग साधाच असेल, पण क्वचित तो साधा नसतो, आणि तेव्हा असे हात लावण्यात महत्त्वाचे महिने निघून जातात.

नखाकडे कसं पाहायचं हे नीट समजून घ्यावं. ठेच लागून नखाखाली रक्त साकळलं तर तो काळा डाग नखाबरोबर पुढे सरकतो. पायाचं नख महिन्याला एक-दोन मिलिमीटर वाढतं. म्हणून डागाच्या मागच्या कडेशी, नखाच्या मुळाकडे पेनाने खूण करावी, फोटो काढून ठेवावा आणि दोन महिन्यांनी पुन्हा पाहावं. मागे स्वच्छ नख दिसू लागलं तर ते रक्त होतं. नखाच्या मुळापासून टोकापर्यंत गेलेली उभी काळी रेघ मात्र सरकत नाही. सावळ्या लोकांच्या अनेक नखांवर अशा फिकट रेघा असतात, त्यांची काळजी नको. एकाच नखावर नव्याने उमटलेली, रुंद होत चाललेली, किंवा नखाच्या मुळाजवळची कातडीही काळी करणारी रेघ दिसली तर दोन महिने थांबू नये, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावी.

गुदद्वाराजवळच्या मेलॅनोमाची गोष्ट अवघड जागेची आहे, म्हणून तीही उघडपणे सांगायला हवी. त्यातून रक्त जातं, गाठ हाताला लागते आणि ती मूळव्याध वाटते. गरोदरपणात मूळव्याध खूप जणींना होते आणि ती बहुतेक वेळा मूळव्याधच असते. पण नुसत्या सांगण्यावरून मलम देऊन चालणार नाही. रक्त थांबत नसेल तर डॉक्टरांनी एकदा प्रत्यक्ष पाहिलं पाहिजे, आणि बाईने लाज बाजूला ठेवून पाहू दिलं पाहिजे.

गरोदरपणात सगळेच डाग गडद होतात का?

स्तनाग्रं गडद होतात, बेंबीखाली काळी रेघ उमटते, गालांवर वांग येतो. हे नैसर्गिक आहे. त्यावरून तीळही या दिवसांत बदलतातच, असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. तो निम्माच खरा आहे. पोट आणि स्तन ताणले जातात, म्हणून तिथले तीळ थोडे पसरतात. पाय, पाठ, हात यांवरच्या तिळांनी आकार बदलण्याला मात्र गरोदरपणाचं कारण पुरत नाही. डागाच्या दोन बाजू सारख्या नसणं, कड वेडीवाकडी होणं, एकाच डागात दोन-तीन रंग दिसणं, डाग मोठा होत जाणं, त्यातून रक्त किंवा पाणी येणं, ही लक्षणं गर्भवतीतही तितकीच गंभीर आहेत.

इथेच एक वाक्य घात करतं: "आता नको, बाळंतपणानंतर बघू." सासू मायेने म्हणते, नवरा काळजीने म्हणतो, कधी डॉक्टरही जोखीम नको म्हणून म्हणतात. मेलॅनोमात मात्र जाडीवर सगळं अवलंबून असतं. अमेरिकेतले डॉक्टर अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी 1970 मध्ये दाखवून दिलं की गाठ कातडीत किती मिलिमीटर खोल गेली आहे, त्यावर रुग्णाचं भवितव्य ठरतं. एक मिलिमीटरच्या आत असताना काढलेला मेलॅनोमा बहुतेक वेळा कायमचा बरा होतो. चार मिलिमीटरच्या पुढे गेल्यावर चित्र पार बदलतं. सहा-सात महिने थांबणं म्हणजे हे मिलिमीटर वाढू देणं.

गरोदरपणामुळे आजार बळावतो का?

1951 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मोजक्या गर्भवतींच्या अनुभवावरून गरोदरपणात मेलॅनोमा फार वेगाने पसरतो असं मांडलं. त्याची दहशत अनेक दशकं टिकली आणि गर्भपाताचे सल्लेही दिले गेले. मग मोठ्या नोंदी हाती आल्या. स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदींमधून गरोदरपणात मेलॅनोमा झालेल्या 185 स्त्रियांची तुलना गरोदर नसलेल्या 5,348 रुग्ण स्त्रियांशी झाली. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन्ही गटांच्या जगण्यात गरोदरपणामुळे फरक पडल्याचं दिसलं नाही. जाडी सारखी असेल तर परिणामही सारखा. म्हणजे दोष उशिरा झालेल्या निदानाचा आहे, पोटातल्या बाळाचा नाही. गर्भपात केल्याने मेलॅनोमा थांबतो असाही पुरावा नाही. आजार फार पसरलेला असेल, तातडीने कडक औषधं द्यावी लागणार असतील, तरच तो प्रश्न येतो, आणि तेव्हा निर्णय त्या बाईने डॉक्टरांशी बोलून घ्यायचा असतो.

बाळाला काय होऊ शकतं?

सर्वांत मोठी भीती हीच: आईचा कॅन्सर बाळात उतरेल का? आईचं आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही, मध्ये वारेचा पडदा असतो. शिवाय बाळाची प्रतिकारशक्ती आईच्या पेशींना परकं मानून नष्ट करू शकते. त्यामुळे आईला कॅन्सर असूनही जवळजवळ सगळी बाळं निरोगी जन्मतात.

तरीही मेलॅनोमाच्या बाबतीत सावधपणाला कारण आहे. वारेपर्यंत पोचणाऱ्या कॅन्सरमध्ये तो सर्वांत पुढे आहे. 2003 मध्ये जगभरच्या वैद्यकीय साहित्यातून अशा घटना एकत्र केल्या गेल्या. तोवर नोंदलेल्या 87 घटनांपैकी 27 मेलॅनोमाच्या होत्या आणि त्या 27पैकी 6 बाळांपर्यंत आजार पोचला होता. त्या सहापैकी पाच बाळं वाचली नाहीत. आकडा वाचून काळजात धस्स होतं, म्हणून तो नीट समजून घ्यावा. या 27 घटना म्हणजे सारं जग धुंडाळून सापडलेल्या घटना, आणि त्या प्रामुख्याने आईच्या शरीरभर आजार पसरल्यावरच्या. कातडीपुरता असलेला, वेळेत काढून टाकलेला मेलॅनोमा सहसा बाळाकडे जात नाही.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. आईला मेलॅनोमा असेल किंवा पूर्वी झालेला असेल तर बाळंतपणानंतर वार टाकून देऊ नये. गावाकडे ती पुरतात, रुग्णालयात ती इतर जैविक कचऱ्याबरोबर जाते. तिची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी व्हायला हवी, म्हणून बाळंतपणाआधीच तसं कागदावर लिहून घ्यावं. वारेत काही सापडलं तर बाळाची कातडी, यकृत आणि छाती पहिली दोनेक वर्षं ठरावीक काळाने तपासली जाते. आईच्या दुधातून कॅन्सर बाळाला होत नाही. कॅन्सरची औषधं चालू असतील तरच अंगावर पाजणं थांबवावं लागतं.

जन्मतःच बाळाच्या अंगावर असलेल्या खुणांचा या सगळ्याशी संबंध जोडू नये. कमरेखालचे निळसर डाग आपल्या बाळांमध्ये अगदी नेहमीचे असतात आणि काही वर्षांत मावळतात. ग्रहणात आईने काही चिरलं म्हणून लासं येत नाही. तळहातापेक्षा मोठा, केसाळ, काळा जन्मडाग असेल तर त्यात पुढे मेलॅनोमा होण्याची थोडी शक्यता असते, म्हणून असं मूल त्वचारोगतज्ज्ञांच्या नजरेखाली वाढावं. त्यात आईचा काहीही दोष नसतो.

उपचार गरोदरपणातही होतात

संशयित डाग पूर्ण कापून तपासायला पाठवणं, म्हणजे बायोप्सी, जागा बधिर करून कोणत्याही महिन्यात करता येते. दातासाठी वापरतात तेच लिग्नोकेन इथेही वापरतात. निदान पक्कं झालं की जाडीनुसार आजूबाजूची एक-दोन सेंटिमीटर निरोगी कातडी काढतात. जांघेतल्या गाठीपर्यंत आजार गेला का, हे पाहण्याचा निर्णय गरोदरपणाचा महिना बघून होतो. त्यासाठी वापरला जाणारा निळा रंग गर्भवतीला टाळतात. सोनोग्राफी आणि गरजेपुरता एमआरआय चालतो, सीटी आणि पेट स्कॅन शक्यतो पुढे ढकलतात.

पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब यांसारख्या नव्या औषधांनी पसरलेल्या मेलॅनोमात मोठा फरक पडला आहे. ही औषधं प्रतिकारशक्तीचा लगाम सोडतात. पण आईच्या शरीराने बाळाला परकं मानून हाकलू नये, यासाठीही वारेत हाच लगाम काम करत असतो. म्हणून ती गरोदरपणात टाळतात, आणि उपचार संपल्यावरही काही महिने दिवस न राहण्याची काळजी घ्यायला सांगतात. आधी मेलॅनोमा झालेल्या बाईने पुढचं मूल कधी होऊ द्यावं याला एकच उत्तर नाही. पातळ डाग निघाला असेल तर फार थांबावं लागत नाही. जाड असेल तर आजार उलटण्याचा धोका पहिल्या दोन-तीन वर्षांत जास्त, म्हणून तेवढं थांबायला सुचवतात.

शिरूर तालुक्याने दाखवलेली वाट

तपासणारी नजर गावात कशी तयार करायची, याचं उत्तर शिरूर तालुक्यात फार पूर्वी मिळालं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी सत्तरच्या दशकात वढू बुद्रुकला ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. गावातलीच माणसं निवडून त्यांना शिकवायचं आणि त्यांच्या हाती गावाचं आरोग्य द्यायचं, ही त्यामागची कल्पना. 1993 मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. देशात आशाताई आल्या त्या 2005 नंतर. वढूने ती वाट आधीच चालून पाहिली होती.

आज प्रत्येक गावात आशाताई आहे, गर्भवतीच्या हातात माता-बाल संरक्षण कार्ड आहे, दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात तज्ज्ञ डॉक्टरांकडून गर्भवतींची मोफत तपासणी होते. त्या तपासणीत दोन मिनिटांची भर घालायची आहे. चप्पल काढून दोन्ही तळपाय, बोटांच्या बेचक्या, नखं आणि तळहात पाहायचे. डोहाळजेवणाला मेंदी किंवा अळता लावण्याआधी पाहिलं तर आणखी चांगलं, कारण त्या रंगाखाली डाग दिसत नाही. दिवाळीच्या सुमारास बीड-नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांतल्या गर्भवतींचं कार्ड गावी राहिलेलं असतं आणि पाय दिवसभर फडात असतात. कारखान्याच्या तळावर जाणाऱ्या आरोग्य पथकाने त्यांचे पाय आधी पाहावेत.

डाग संशयास्पद वाटला तर शिरूर किंवा दौंडच्या सरकारी रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन पुण्याला जावं. दौंडच्या गाडीने पुणे स्टेशनला उतरलं की ससून रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पुढच्या उपचारांसाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, मुंबईत परळला 1941 पासून उभं असलेलं टाटा रुग्णालय आहे. तिथे गेल्यावर सोबतच्या माणसाने तीन गोष्टी ठामपणे सांगाव्यात: ही गरोदर आहे, डाग अमुक महिन्यांपासून बदलतो आहे, आणि आम्हाला बायोप्सी आत्ताच हवी आहे. आईचा इलाज वेळेवर झाला तर बाळाला फारसा धोका राहत नाही. म्हणून बाळाच्या काळजीने आईची तपासणी पुढे ढकलू नका. बाळाची काळजी असेल तर आईचे पाय आजच पाहा.