गाडीच्या चाकांवरचं डांबर आणि काळा थर कसा काढायचा? सोपी आणि सुरक्षित पद्धत

गाडी धुतली, काच चमकली, बॉनेटमध्ये तोंड दिसायला लागलं, पण चाकं मात्र तशीच काळीकुट्ट. शाम्पू लावा, ब्रश मारा, तो थर काही हलत नाही. मग मोबाईलवर शोधलं की कुणी सांगतं टॉयलेट क्लिनर टाका, कुणी म्हणतं पेट्रोलने पुसा, तर कुणी थेट तारेची घासणी हातात देतं. या लेखात आपण बघू की चाकावर नेमकं काय चिकटतं आणि चाक खराब न करता ते कसं काढायचं.

चाकावरचा मळ तीन प्रकारचा असतो

१) माती आणि चिखल: हा साध्या पाण्याने आणि शाम्पूने निघतो. कोकणातली लाल माती जास्त दिवस राहिली तर कोपऱ्यात घट्ट बसते, पण भिजवली की सुटते.

२) ब्रेकची धूळ: ब्रेक दाबला की पॅड लोखंडी डिस्कवर घासतं आणि लोखंडाचे गरम, बारीक कण उडतात. ते चाकाच्या रंगात रुततात आणि तिथेच गंजतात. ब्रेक लावताना जास्त भार पुढच्या चाकांवर येतो, म्हणून पुढची चाकं लवकर काळी पडतात.

३) डांबर: नवीन रस्त्यावरून किंवा उन्हात मऊ झालेल्या डांबरावरून गेलं की त्याचे थेंब उडून चिकटतात. डांबर खनिज तेलापासून बनतं, त्यामुळे ते पाण्यात विरघळत नाही. कितीही शाम्पू ओता, उपयोग शून्य.

ओळखायचं कसं? चाक धुऊन वाळवा आणि मोबाईलचा टॉर्च तिरका धरा. तपकिरी ठिपके दिसले आणि हात फिरवल्यावर खरखरीत लागलं तर ती ब्रेकची धूळ. जाड, चकचकीत काळे ठिपके असतील आणि नखाने दाबल्यावर थोडे दबत असतील तर ते डांबर.

हे अजिबात करू नका

टॉयलेट क्लिनरमध्ये बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. अलॉय व्हील ॲल्युमिनियमचं असतं आणि हे ॲसिड ॲल्युमिनियम खातं. पडलेले पांढरे डाग मग पुन्हा रंग दिल्याशिवाय जात नाहीत. तारेच्या घासणीने वरचा पारदर्शक थर ओरखडतो आणि त्या ओरखड्यांत मळ आणखी घट्ट बसतो. पेट्रोलची वाफ पटकन पेट घेते, म्हणून ते नकोच. रंगाचा थिनरही नको, कारण तो डांबराबरोबर चाकाचा रंगही काढतो.

स्वच्छ करायची पद्धत

मी याच क्रमाने करतो. एक चाक पूर्ण झालं की मगच दुसऱ्याला हात लावायचा.

पायरी १: गाडी सावलीत लावा आणि चाक पूर्ण थंड होऊ द्या. घाट उतरताना डिस्क २०० अंश सेल्सिअसच्याही वर जाऊ शकते. त्यावर गार पाणी टाकलं तर डिस्क वाकडी व्हायची भीती असते आणि क्लिनर जागच्या जागी वाळून डाग पडतात.

पायरी २: भरपूर पाणी मारा, मग कार शाम्पू आणि मऊ ब्रशने धुवा. चाकांसाठी बादली आणि कापड वेगळं ठेवा. तेच कापड दरवाजाला लावलं तर रंगावर ओरखडे येतील.

पायरी ३: हातमोजे घालून आयर्न रिमूव्हर मारा. लोखंडाशी संयोग झाला की तो जांभळा होतो. घाबरू नका, तो काम करतोय. वास मात्र उग्र असतो, त्यामुळे मोकळ्या हवेत करा. बाटलीवर लिहिलेल्या वेळेनंतर, वाळायच्या आत, ब्रश मारून धुऊन टाका.

पायरी ४: चाक पुसून कोरडं करा. आता टार रिमूव्हर कापडावर घ्या, ठिपक्यावर मिनिटभर दाबून धरा आणि हलकेच पुसा. थेट चाकावर फवारू नका. हा तेलकट द्रव डिस्क किंवा पॅडवर गेला तर ब्रेक नीट लागत नाहीत. टायरच्या रबरालाही तो लावू नका. टार रिमूव्हर नसेल तर कापडावर थोडं रॉकेल चालतं, पण तेही पेट घेतं, त्यामुळे जवळ विडी-सिगारेट किंवा आग नको. कोणतंही नवीन क्लिनर आधी चाकाच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघा.

पायरी ५: शेवटी पुन्हा शाम्पूने धुवा, पुसा आणि गाडी मोकळ्या जागी हळू चालवून चार-पाच वेळा ब्रेक दाबा, म्हणजे डिस्क कोरडी होते. दुसऱ्या दिवशी डिस्कवर नारिंगी गंज दिसला तर काळजी नको, दोन-चार ब्रेकमध्ये तो जातो.

मळ बघून गाडीची तब्येत कळते

माझ्या मते चाकं स्वतः धुण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. पुढच्या दोन चाकांपैकी एकच खूप जास्त काळं होत असेल, तर त्या बाजूचा ब्रेक अडकून सतत घासत असू शकतो. चाकाच्या आतल्या बाजूला ओला, तेलकट ओघळ दिसला तर ब्रेक ऑइल गळत असण्याची शक्यता असते. अशा वेळी तो पुसून गाडी चालवायला घेऊ नका. फोटो काढा आणि आधी मेकॅनिकला बोलवा.

पुन्हा मळ बसू नये म्हणून

स्वच्छ, कोरड्या चाकावर कार वॅक्सचा पातळ थर लावा. त्यामुळे मळ रंगाला थेट चिकटत नाही आणि पुढच्या वेळी बराचसा साध्या पाण्यानेच निघतो. डांबर दिसलं की त्याच आठवड्यात काढा. ताजं डांबर दोन मिनिटांत सुटतं, जुनं झालं की अख्खा रविवार खातं.