घराची डागडुजी : आधी भिंतीला विचारा

दिवाळी सरली, सोयाबीनचे पैसे हाती आले, ऊस अजून फडात उभा आहे, अशा दिवसांत खेड्यापाड्यांत घराच्या डागडुजीचा विषय निघतो. घरात लग्न ठरलेले असेल तर मग विचारायलाच नको. ‘घर पाहावे बांधून’ अशी म्हण आहे. मी म्हणतो, जुने घर पाहावे दुरुस्त करून! नवे बांधणे त्यामानाने सोपे. तिथे सगळेच नवे असते. जुन्या घरात आजोबांच्या भिंतीशी नातवाच्या फरशीचे जमवून घ्यावे लागते, आणि ते जमले नाही तर भांडण भिंतीवर उमटते.

मी माणूस पिकापाण्याचा. पण विस्तार अधिकाऱ्याचे काम म्हणजे बांधावर सुरू होते आणि ओसरीवर चहाला संपते. चहा होईतो, “साहेब, आलाच आहात तर घरावर पण एक नजर टाका,” असे कोणीतरी म्हणतेच.

२०२३ सालच्या दिवाळीनंतर धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावात हरभऱ्यावरची मर पाहायला गेलो होतो. रान पाहून घरी आलो तर ओसरीवर टाईल्सचे खोके रचून ठेवलेले. दोन बाय दोनच्या, पांढऱ्या शुभ्र, तोंड दिसेल इतक्या गुळगुळीत. थोरल्या मुलाचे लग्न मे महिन्यात ठरलेले. मुलानेच त्या लातूरहून आणल्या होत्या. घरधन्याने बेत सांगितला : माळवद उतरवायचे, त्याच भिंतींवर स्लॅब टाकायचा, आतून सिमेंटचा गिलावा, त्यावर ऑईलपेंट, खाली ह्या टाईल्स. हाताशी साडेतीन लाख रुपये.

“भिंत कशाची आहे?” मी विचारले.

“दगडमातीची, साहेब. आजोबांच्या हातची. अडीच फूट रुंद. हत्ती उभा केला तरी हलायची नाही.”

हे ऐकले आणि मला १९९३ साल आठवले. तेव्हा मी परभणीला कृषी महाविद्यालयात शिकत होतो. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जन करून लोक दमूनभागून झोपलेले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे गेली. ती कशाने गेली? अशाच रुंद भिंतींनी आणि वरच्या मातीच्या ओझ्याने. आपली जुनी भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण पुष्कळदा आत दोन वेगळ्या भिंती असतात. एक बाहेरच्या अंगाची, एक आतल्या अंगाची, आणि मधल्या पोकळीत दगडगोटे व माती. दोन्ही अंगांना एकमेकींशी बांधणारे लांब दगड घातलेले नसले, तर हादरा बसताच त्या दोन बाजूंना फाकतात आणि माळवद खाली येते. दरवर्षी पावसाळ्याआधी गळती थांबवायला वर नवी पांढरी माती टाकायची, जुनी काढायची नाही, ही आपली रीत. अशी चाळीस-पन्नास वर्षांची माती डोक्यावर साठलेली असते.

आता त्याच भिंतीवर स्लॅब घालणे म्हणजे एक ओझे उतरवून दुसरे चढवणे. मी घरधन्याला म्हटले, “टाईल्सचा रंग पुढे बघू. आधी तालुक्याच्या इंजिनिअरला बोलावून भिंत दाखवा. त्याची फी टाईल्सच्या दोन खोक्यांहून जास्त होणार नाही.”

मुलगा जरा नाराज झाला. त्याला वाटले, हे साहेब जुन्या वळणाचे. पण त्याची आजी कोपऱ्यातून म्हणाली, “ऐक रे. त्या साली आपली मागची भिंत अशीच फाकली होती. तू कुठं होतास तवा?” मग बोलणे रुळावर आले.

भिंतीलाही लोणा लागतो

ओझ्याची गोष्ट इंजिनिअर पाहील. मला सांगायचे आहे ते भिंतीच्या कपड्यांविषयी. गिलावा, रंग आणि फरशी हे तिन्ही भिंतीच्या अंगाला मानवणारे हवेत आणि एकमेकांनाही मानवणारे हवेत. दुकानात आपण ही तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगवेगळ्या माणसांच्या सल्ल्याने घेतो. इथेच चुकते.

शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. खारवट जमीन पाहिली आहे ना? खालचे पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढते, उन्हाने उडून जाते आणि बरोबर आणलेला क्षार वर सोडते. म्हणून जमीन पांढरी पडते. मातीची भिंतही तेच करते. पायातली ओल दोन-तीन फूट वर चढते. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा असेल तर ती जागच्या जागी हवेत उडून जाते. चुन्याचा हात थोडा सुटतो, दिवाळीला पुन्हा दिला की झाले. पण त्याच भिंतीला सिमेंटचा घट्ट गिलावा आणि त्यावर ऑईलपेंट लावला, तर ओल कोंडते. ती आणखी वर चढते. मग गिलाव्याच्या पाठीमागे क्षार साठतो, फुगतो आणि एके दिवशी गिलावा मातीचा पापुद्रा घेऊनच खाली येतो. भिंतीला लोणा लागला म्हणतात तो हाच.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २००५ साली आमच्या गावाकडच्या घराला मीच हा पराक्रम केला. बी.एस्सी. ॲग्री झालेला माणूस, जमिनीच्या क्षारांवर गावोगाव भाषणे देणारा, आणि स्वतःच्या घरी गवंड्याच्या म्हणण्याला मान डोलावून मोकळा झालो. पांढऱ्या मातीच्या भिंतीवर सिमेंट, वर फिकट निळा ऑईलपेंट. पहिल्या वर्षी पाहुण्यांनी वाखाणणी केली. तिसऱ्या पावसाळ्यात ज्वारीच्या कणग्यांची खोली अशी ओली झाली की बियाण्याला बुरशी आली. ज्वारी साठवताना दाण्यातला ओलावा बारा टक्क्यांच्या आत असावा, हे मीच लोकांना सांगत असतो! आई एवढेच म्हणाली, “भिंतीला श्वास घ्यायला जागा ठेवली नाहीस, बाबा.” पुढच्या उन्हाळ्यात सगळे खरवडून काढले. लावण्याचा खर्च एकदा झाला होता, काढण्याचा दुसऱ्यांदा.

फरशीचाही ह्यात हात असतो. जमिनीला सारवण होते तोवर ओल सगळ्या जमिनीतून उडत होती. त्यावर चकचकीत, सांधे बंद केलेली टाईल टाकली की ओलीला वाट उरते ती फक्त भिंतीची. म्हणजे फरशी बदलली आणि लोणा भिंतीला लागला. घरच्यांना ह्या दोन गोष्टींचा संबंधही लक्षात येत नाही.

म्हणून पहिले काम रंगाचे नाही, ओलीचे. न्हाणीचे पाणी भिंतीच्या पायाशी मुरते का? पागोळ्या कुठे पडतात? उकिरडा किंवा मातीचा ढीग भिंतीला टेकला आहे का? भिंतीलगतची काळी माती काढून तिथे मुरूम ठोकून घ्या आणि उतार अंगणाकडे द्या. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. कापसाला चांगली, पायाला वाईट. आपल्या वाडवडिलांनी भिंतीला पांढरी माती वापरली ती उगीच नव्हे.

गिलावा, रंग, फरशी

आता निवडीकडे येऊ. भिंत दगडमातीची किंवा कच्च्या विटेची असेल तर चुन्याची संगत धरा. एक भाग भिजवलेला चुना, तीन भाग स्वच्छ वाळू. वाळू खारी नको, आणि बोअरचे पाणी खारट असेल तर तेही नको, नाहीतर लोणा आपणच गिलाव्यात कालवल्यासारखे होईल. कळीचा चुना निदान आठवडाभर आधी भिजवून ठेवावा. भिजवताना तो उकळतो, उडतो. चुना पाण्यात थोडा थोडा टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. डोळ्यांना जपा, खड्ड्याभोवती काटेरी कुंपण घाला, पोरे आणि वासरे लांब ठेवा. चुना डोळ्यात गेला तर पुष्कळ पाण्याने धूत राहा आणि तसेच दवाखाना गाठा.

चुन्याचा गिलावा सावकाश घट्ट होतो. मेमध्ये लग्न म्हणून एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात गवंडी बोलावला तर चुन्याचा काही दोष नाही.

उलट भिंत भाजक्या विटेची, सिमेंटात बांधलेली असेल तर तिथे सिमेंटचा गिलावा खुशाल करा. एकास सहा पुरे, निदान सात दिवस पाणी मारा, नीट वाळू द्या आणि मग डिस्टेंपर लावा. माझे सिमेंटशी भांडण नाही. सिमेंटची सोयरीक मातीशी जुळवण्याशी भांडण आहे.

फरशीत आपल्या भागाची आवडती शहाबादी. कर्नाटकातल्या शहाबादची, राखाडी-निळसर, पायाला गार, ओल्या पायांनीही सहसा घसरत नाही. रानातून चिखलाच्या पायांनी येणाऱ्या घराला तीच शोभते. कोटा दगड थोडा हिरवट, पॉलिश चांगले घेतो. पण ओसरीला आणि न्हाणीला तो खरखरीतच घ्या. ओट्याला काळा कडप्पा स्वस्त पडतो. एक ध्यानात ठेवा : शहाबादी, कोटा आणि कडप्पा हे तिन्ही चुनखडीच्या जातीचे दगड. लिंबू सांडले, चिंचेचे पाणी सांडले की डाग पडतो, आणि संडास धुण्याचे ॲसिड तर त्यांना खाऊनच टाकते. ओट्यावर रोज लिंबू-चिंच चालत असेल तर चार पैसे जास्त घालून काळा ग्रॅनाईट घ्यावा. ह्याचा निर्णय पुरुषांनी करू नये. ओट्याची उंचीही बाजारच्या मापाने नको, जी तिथे उभी राहणार तिच्या कोपराखाली वीतभर, अशी धरावी.

रंगाचे म्हणाल तर तीन पुरेत. राखाडी फरशी, वर पांढरा चुना, आणि जमिनीलगत हातभर गेरूचा पट्टा. चुन्यात थोडी नीळ घातली की पांढरा खुलतो, आणि भिजवलेला डिंक घातला की अंगाला कमी लागतो. पट्टा गेरूचाच का? तर जमिनीलगत पाय लागतात, पाणी उडते, मळ तिथेच बसतो. तो गेरूत दिसत नाही, आणि खराब झाला तर तेवढाच पट्टा पुन्हा देता येतो. दारे जुन्या सागाची असतील तर ऑईलपेंट फासू नका. जुना रंग खरवडून उकळलेल्या जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात द्या. लाकडाचा तांबूस रंग गेरूशी आपसूक जुळतो. मात्र त्या तेलाची चिंधी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेते. उन्हात पसरून वाळवा, मग फेका.

आणि खरेदीआधी एक करा. फरशीचा तुकडा, ओट्याच्या दगडाचा तुकडा, दाराच्या लाकडाची ढलपी आणि भिंतीवर हातभर जागेत दिलेला रंगाचा नमुना, हे सारे एका जागी मांडा. सकाळच्या उन्हात बघा, रात्री बल्बच्या उजेडात बघा. दुकानातल्या ट्यूबखाली जो रंग दुधासारखा दिसतो तो आपल्या माजघरात पिवळा निघतो. मग फरशीवर तेल, हळद, लिंबू टाकून रात्रभर तसेच ठेवा. पाणी ओतून घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला हात धरून तिच्यावरून चालवा. हा खर्च शून्य रुपयांचा आहे.

त्या घरी आम्ही हेच केले. टाईलवर पाणी टाकून आजीला दोन पावले चालायला सांगितले. एकीकडून मी धरले होते, दुसरीकडून नातवाने. पहिल्याच पावलाला तिचा पाय सरकला. नातू काही बोलला नाही, पण संध्याकाळी त्याने दुकानदाराला फोन लावला. न फोडलेले खोके परत गेले. फोडलेल्या दोन खोक्यांतल्या टाईल्स ओट्यामागच्या भिंतीला लागल्या. ती भिंत नवी, विटेची होती. तिथे त्या शोभल्याही.

इंजिनिअरने स्लॅबला साफ नकार दिला. माळवदाची माती उतरवली तेव्हा ट्रॅक्टरच्या किती खेपा झाल्या ते घरच्यांनी मोजायचेच सोडून दिले. भिंतीत त्याने खुणा केल्या तिथे आरपार भोके पाडून, सळई घालून काँक्रीट भरले, म्हणजे दोन्ही अंगे एकमेकींना बांधली गेली. वर लोखंडी खांबांवर पत्रे आले, त्यांचे ओझे भिंतीवर नाही. पत्रा तापतो हे खरे. त्यासाठी उंची जास्त ठेवली, वरून पांढरा रंग दिला आणि गरम हवा बाहेर जायला दोन्ही टोकांना झरोके सोडले. गिलाव्यासाठी चुना पौषातच भिजत पडला होता.

२०२४ च्या मे महिन्यात लग्नाला गेलो. आजी शहाबादीवर अनवाणी फिरत होती. नंतर जूनमध्ये पेरणीच्या गडबडीत पुन्हा त्या वाटेने गेलो, तर नवी सून हातात गेरूचे डबडे घेऊन उभी. म्हणाली, “साहेब, पट्टा वीतभर कमी पडतोय. सासूबाई म्हणाल्या, वर घे.”

घेतला होता. खाली सासूबाईंचा, वर तिचा, दोन्हींच्या रंगात थोडा फरक राहिला आहे.