फोन हरवला, आता ओटीपी कुठे येणार?

एका प्रसंगापासून सुरुवात करू. समजा, दापोड्याच्या एखाद्या गोडाऊनसमोर संध्याकाळी सात वाजता गाडी भरून उभी आहे. माल कापडाचा, जायचंय इंदूरला. मुनीमजी ई-वे बिल काढायला कॉम्प्युटरवर बसतात. नाव टाकलं, पासवर्ड टाकला, आणि आता पडदा ओटीपी मागतोय. ओटीपी जाणार शेठच्या फोनवर, आणि शेठचा फोन तर दुपारीच कल्याण नाक्याच्या गर्दीत खिशातून गेला. पासवर्ड बरोबर, माणूस खरा, मालही खरा, तरी गाडी हलत नाही. बिलाशिवाय हलवली तर जीएसटी कायद्याच्या कलम १२९ खाली रस्त्यात माल अडकतो.

ही दुहेरी पडताळणी ई-वे बिलाला पहिल्यापासून नव्हती. २०२३ मध्ये ती १०० कोटींवर उलाढाल असलेल्यांना सक्तीची झाली. मग १ जानेवारी २०२५ पासून २० कोटींच्या वर, १ फेब्रुवारीपासून ५ कोटींच्या वर आणि १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांनाच. म्हणजे आपल्याकडचा लहान कापडवालाही त्यात आला. (महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात, ५० किलोमीटरच्या आत जॉबवर्कला जाणाऱ्या सूत-कापडाला ई-वे बिलातून सूट आहे, म्हणून लूमवाल्यांना याची झळ जरा उशिरा लागते.)

आता फोन गेला म्हणजे नेमकं काय गेलं, ते आधी बघू. आपण सगळ्याला 'ओटीपी' म्हणतो, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्ही परत मिळवायच्या वाटाही वेगळ्या आहेत.

पहिली गोष्ट, नंबर. एसएमएसने येणारा ओटीपी फोनला येत नाही, नंबरला येतो. फोन खाडीत पडला तरी नंबर कंपनीकडे शाबूत असतो. डुप्लिकेट सिम घेतलं की तो परत आपला.

दुसरी गोष्ट, गुपित चावी. गुगल ऑथेंटिकेटरसारखी ॲप्स दर ३० सेकंदांनी सहा आकडे बदलतात ना, ते आकडे कुठून येत नाहीत, फोनमध्येच तयार होतात. सुरुवातीला आपण जो चौकोनी कोड स्कॅन करतो त्यात एक लांबलचक चावी असते. ती चावी आणि घड्याळातली वेळ, या दोघांचं गणित करून फोन आकडा काढतो. तेच गणित पलीकडे सर्व्हरही करतो आणि दोन्ही उत्तरं जुळली की दार उघडतं. २०११ साली ही पद्धत प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. हिला नेट लागत नाही, रेंज लागत नाही. पण फोनबरोबर चावी गेली, तर नवीन सिम घेऊन काहीही उपयोग नाही. नंबर आणि चावी यांचा एकमेकांशी संबंधच नाही. लोक इथेच गोंधळतात.

तिसरी गोष्ट, फोनशी घातलेली गाठ. यूपीआय ॲप सुरू करताना तुमच्या सिमवरून एक एसएमएस आपोआप जातो आणि तो नंबर त्या फोनला बांधला जातो. फोन बदलला की ही गाठ पुन्हा बांधावी लागते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी बँकेला फोन करून कार्ड आणि यूपीआय थांबवा. पैसे गेलेले दिसले तर लगेच १९३० वर तक्रार करा. मग ज्याच्या नावावर सिम आहे त्याने स्वतः कंपनीच्या दुकानात जाऊन जुनं सिम बंद करायचं आणि नवीन घ्यायचं. जवळच्या पोलीस ठाण्यात फोन हरवल्याची तक्रार द्या आणि तिची प्रत घ्या. ही प्रत पुढे 'संचार साथी'वर फोनचा आयएमईआय बंद करायला लागते. तिथेही ओटीपी येतोच, म्हणून सिम आधी. आयएमईआय फोनच्या खोक्यावर सापडतो. हे खोकं घरोघरी सेफ्टी पिना ठेवायला वापरतात, ते फेकू नका.

आणि इथे एक अडचण येते, जी दुकानदार बऱ्याचदा सांगत नाही. नवीन सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. फोन लागतो, नेट चालतं, ओटीपी मात्र येत नाही. दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये कंपन्यांना तसं सांगितलंय. माणूस बिचारा दहा वेळा 'रीसेंड' दाबतो आणि खातंच लॉक करून बसतो. शिवाय १ जुलै २०२४ पासून, सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्टही करता येत नाही.

राग येतो, खरं आहे. पण असं बघा, "माझा फोन हरवलाय, नवीन सिम द्या" हे वाक्य खरा मालकही बोलतो आणि चोरही बोलतो. सिम स्वॅपच्या फसवणुकीत हेच होतं. तुमच्या नावाने कुणीतरी नवीन सिम काढतो, तुमचा फोन मुका होतो आणि रात्रीतून खातं रिकामं होतं. त्या २४ तासांत खऱ्या मालकाला जाग यावी, एवढ्यासाठी ही खोटी. व्हॉट्सॲपचंही तसंच. सहा आकडी पिन विसरलात आणि ईमेल दिलेला नसेल, तर सात दिवस थांबावं लागतं.

मग इंदूरच्या गाडीचं काय? ई-वे बिलाच्या साइटवर मालकाच्या खात्याखाली सब-युजर काढता येतात आणि प्रत्येकाचा ओटीपी त्याच्या स्वतःच्या नंबरवर जातो. मुनीमजींचं असं खातं आधी काढलेलं असतं, तर शेठच्या फोनशी काही देणंघेणं नव्हतं. ते नसेल तर मालवाल्याने अधिकार दिल्यावर ट्रान्सपोर्टरही त्याच्या खात्यातून बिल काढू शकतो. त्या संध्याकाळपुरता हाच मार्ग. ओटीपीसाठी 'एनआयसी-जीएसटी-शील्ड' नावाचं ॲपही आहे, नेटशिवाय चालणारं. पण तेही शेठच्या त्याच फोनवर असेल तर उपयोग शून्य.

गुगलचं दुसरी पडताळणी चालू असलेलं खातं असेल, तर तिथे दहा बॅकअप कोड मिळतात, आठ-आठ आकड्यांचे. एक कोड एकदाच चालतो. ते कागदावर लिहून कपाटात ठेवायचे. फोनच्या गॅलरीत त्यांचा स्क्रीनशॉट ठेवणं म्हणजे कुलपाची दुसरी किल्ली कुलपालाच बांधून ठेवणं. कोड नसतील तर नेहमीच्या कॉम्प्युटरवरून, नेहमीच्या जागेवरून प्रयत्न करा. गुगल तेही बघतं. ऑथेंटिकेटरची चावी गुगल खात्यात साठवायची सोय एप्रिल २०२३ पासून आहे, पण ती चालू आहे का ते फोन हातात असतानाच बघायला हवं.

आता सगळ्यात अवघड गाठ. नंबर आपला नसेल तर? यंत्रमागावरचे बरेच कामगार बाहेरगावचे. गावच्या कुणाच्या तरी नावावरचं सिम वर्षानुवर्षं वापरतात, पगार त्याच नंबरच्या खात्यात. सिम गेलं की दुसरं घ्यायला तो माणूसच हवा, आणि तो असतो हजार-दीड हजार किलोमीटरवर. आपल्या नावावर कोणकोणते नंबर आहेत ते संचार साथीवर दिसतं. ज्याचा नंबर त्यात नाही, त्याने हातातलं सिम चालू आहे तोवर आपल्या नावाचं घ्यावं आणि बँकेत, आधारला तोच नंबर द्यावा.

धंदेवाल्यांचंही हेच दुखणं. जीएसटी नंबर काढताना सल्लागाराने स्वतःचाच मोबाइल आणि ईमेल टाकलेला असतो. त्याचा फोन गेला, किंवा त्याच्याशी बिनसलं, की आपल्याच खात्याबाहेर आपण. यावर उपाय आहे. जीएसटी पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेअर'मध्ये आपला नंबर टाकला की कुठलं कार्यालय आपलं, राज्याचं की केंद्राचं, ते कळतं. तिथल्या अधिकाऱ्याकडे धंद्याची आणि ओळखीची कागदपत्रं घेऊन जायचं. पडताळणी करून अधिकारी नवीन ईमेल आणि मोबाइल नोंदवतो, आणि तात्पुरता पासवर्ड त्या नवीन ईमेलवर येतो.

मागून प्रश्न आलाय, "सल्लागार वाईट मानेल, त्याचं काय?" मानू द्या. रिटर्न त्यालाच भरू दे, ओटीपी तेवढा तुमच्या फोनवर येऊ दे. त्याने मागितला की वाचून सांगायचा, पण कशासाठी मागतोय ते आधी विचारून.