शेंगतेलावरील आळ आणि यकृताचा कारभार

कृष्णाकांठच्या घरांत, मग तें साताऱ्याचें असो वा सांगलीचें, शेंगदाण्यावांचून स्वयंपाक पुरा होत नाहीं. त्यामुळें घरांतील वडील माणसाच्या रक्तांत कोलेस्टेरॉल वाढलें कीं पहिला आळ बहुधा शेंगतेलावर येतो. वास्तविक त्या तेलांत कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेंच. आपल्या गरजेचा बराचसा भाग शरीर स्वतःच तयार करतें, आणि या कारभाराचा मुख्य नियंता म्हणजे यकृत. पेशींचें आवरण व पित्त यांसाठीं हा पदार्थ अवश्य आहे. अतिरेक झाला म्हणजे मात्र तो रोहिण्यांच्या भिंतींत सांचून हृदयविकारास वाट करून देतो.

हें उत्पादन आवरावें कसें? जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो व त्यांचे सहकारी यांनीं सहा हजारांवर सूक्ष्मजीव पारखून १९७३ सालीं एका बुरशींत असा लहानसा रेणू शोधला, कीं जो कोलेस्टेरॉल घडविणाऱ्या एका एंझाइमचाच मार्ग अडवितो. यकृतास टंचाई भासूं लागतांच त्याच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर अधिक ग्राहक उभे करतात व रक्तांतील अपायकारक कोलेस्टेरॉल ओढून घेतात. या ग्राहकांचा शोध लावणारे ब्राउन व गोल्डस्टीन यांस १९८५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. १९८७ सालीं या 'स्टॅटिन' वर्गांतील पहिलें औषध अमेरिकेंत विक्रीस आलें.

आपल्याकडील गुग्गुळाची कथाहि मननीय आहे. सुश्रुतसंहितेंतील मेदोरोगाच्या वर्णनावरून स्फूर्ति घेऊन सत्यवती यांनीं १९६६ सालीं बनारसला सशांवर प्रयोग केले. पुढें लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनें त्यापासून औषधहि सिद्ध केलें. परंतु २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या, १०३ जणांवरील अमेरिकन चाचणींत अपायकारक कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजीं किंचित् चढलेलेंच आढळलें. तेव्हां परंपरेचा आदर राखूनहि, डॉक्टरांनीं दिलेली गोळी सोडून परस्पर गुग्गुळ घेणें हितावह नव्हे.

आणखी दोन गोष्टी गृहिणींनीं व कर्त्या पुरुषांनीं ध्यानांत ठेवाव्या. आंकडा उतरला म्हणजे रोग गेला, असें नव्हे. गोळीनें केवळ लगाम धरलेला असतो. ती थांबविली कीं कांहीं आठवड्यांतच आंकडा पुन्हा चढतो. स्नायू दुखूं लागल्यास डॉक्टरांस सांगावें, मनानेंच गोळी बंद करूं नये. दुसरें असें, कीं सुमारें २५० माणसांत एकास हा दोष जन्मतःच असतो, आणि त्याच्या प्रत्येक अपत्यांत तो उतरण्याचा संभव निम्मा असतो. एका पंगतीस जेवणाऱ्या कुटुंबांत कोणास ऐन तारुण्यांत हृदयविकार झाला असेल, तर केवळ ताटांतील तेल मोजूं नये; मुलांचें रक्तहि वेळींच तपासून घ्यावें.