मोटारींतील कळ आणि रिले

गेल्या मार्गशीर्षांत चिपळुणाहून कऱ्हाडास परत येत असतां कुंभार्ली घाटांत आम्हांवर जो प्रसंग ओढवला, तो आधीं सांगितल्यावांचून या विषयाचें महत्त्व वाचकांच्या ध्यानीं येणार नाहीं. मोटार आमच्या पुतण्याची, जुनी. आंत आम्ही, आमचें कुटुंब, सूनबाई व तिचें तीन वर्षांचें मूल. धुकें दाट म्हणून पुतण्यानें नुकतेच बसवून घेतलेले दोन जादा दिवे लावले. थोड्याच वेळांत जळक्या प्लॅस्टिकचा वास आला आणि एका वळणावर पुढील सारे दिवे एकदम विझले. एका अंगास कडा, दुसऱ्या अंगास दरी. पुतण्यानें प्रसंगावधान राखून गाडी जागींच उभी केली. मागून मालमोटार येत नव्हती, हें दैव. विजेरीच्या उजेडांत पाहतों तों दिव्यांची कळ वितळून विद्रूप झालेली!

दोष कळीचा नव्हता. जादा दिवे बसविणाऱ्या कारागिरानें त्यांच्या तारा मूळच्या कळीसच जोडल्या होत्या. मोटारीची वीज अवघी १२ व्होल्टांची. तिचा झटका बसत नाहीं, म्हणून लोक तिला निरुपद्रवी समजतात. परंतु दाब जितका थोडा, तितका त्याच कामास प्रवाह अधिक लागतो. मूळचे दोन दिवे प्रत्येकीं ६० वॅटांचे, म्हणजे १० अँपिअर. त्यांत ५५ वॅटांचे आणखी दोन घातले कीं बेरीज २३० वॅट, म्हणजे १९ अँपिअरांच्या वर. घरांतील २३० व्होल्टांवर इतक्याच वॅटांस एकच अँपिअर पुरतो! शिवाय जूलच्या नियमाप्रमाणें उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. कळीच्या आंतील इवल्याशा स्पर्शबिंदूनें ती सोसावी कशी?

यावरील उपाय फार जुना आहे. अमेरिकेंतील प्राध्यापक जोसेफ हेन्री यांनीं १८३५ च्या सुमारास दुरून आलेल्या क्षीण प्रवाहाकडून दुसरा बलवान् प्रवाह चालूं-बंद करविला. पुढें तारायंत्रानें हीच युक्ति उचलली. ‘रिले’ हा शब्द पूर्वीं टप्प्यावर बांधलेल्या ताज्या घोड्यांसहि लावीत. स्वार थकलेला घोडा सोडी, ताज्यावर बसे, आणि निरोप न थांबतां पुढें जाई.

मोटारींतील रिले म्हणजे सुपारीच्या लहानशा डबीएवढी चौकोनी वस्तु. आंत बारीक तारेचें वेटोळें असतें. कळ दाबिली कीं त्यांतून एका अँपिअरच्या सुमारें पांचव्या-सहाव्या हिश्शाइतकाच प्रवाह जातो. तेवढ्यानें गाभा लोहचुंबक बनतो, लोखंडी पट्टी ओढून घेतो, आणि ३० किंवा ४० अँपिअर सोसणारे जाड स्पर्श एकमेकांस भिडतात. तळच्या पायांवर जर्मन पद्धतीचे आंकडे असतात: ८५ व ८६ वेटोळ्याचे, ३० वर बॅटरीकडील जाड तार, ८७ वरून दिव्याकडे वाट. व्याकरणाच्या भाषेंत बोलावयाचें तर कळ हा प्रयोजक कर्ता व रिले प्रयोज्य. देवदत्त स्वयंपाक करवितो, चूल त्यास फुंकावी लागत नाहीं. (विद्यार्थ्यांस णिजन्त समजावितांना हें उदाहरण आम्हांस सांपडतें तर पुष्कळ खडू वांचता.)

पण रिले बसविला म्हणजे सर्व झालें, असें नव्हे. आणि कारागिरांशीं आमचा खरा वाद येथेंच आहे. बॅटरी क्षणांत शेंकडों अँपिअर ओतूं शकते. तिच्यापासून निघालेली तार मध्येंच पत्र्यास घांसून उघडी पडली, तर रिले बिचारा काय करणार? तार लाल होते व गाडी पेटते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या वीतभर अंतरांतच हवा. दिव्यापाशीं लावलेला फ्यूज मधल्या तारेचें रक्षण करीत नाहीं. दोन जादा दिव्यांस सुमारें ९ अँपिअर लागतात. त्यांस १५ चा फ्यूज, व १५ अँपिअर सहज वाहील अशी तार. फ्यूज वितळला म्हणून त्या जागीं चंदेरी कागद गुंडाळणारे महाभागहि आम्हीं पाहिले आहेत.

हल्लींच्या नव्या मोटारींत बहुतेक जड कामें मुळांतच रिलेंकडे असतात, व पुष्कळदां त्यांस आज्ञा संगणक देतो. तेथें कळीमागील तार कापून जोड देण्याचें साहस करूं नये. वेटोळें बंद होतांना उलट दाबाचा क्षणिक झटका निघतो. तो नाजूक भागांस बाधूं नये म्हणून आंत रोध किंवा डायोड असलेला रिलेच घ्यावा.

पुढच्या रविवारीं पुतण्यानें नवी कळ आणिली व स्वतः बसून मूळ दिव्यांस दोन आणि जादा दिव्यांस एक, असे तीन रिले बसविले. रात्रीं दिवे लावून म्हणाला, “काका, जुनेच दिवे, पण उजेड पांढरा दिसतो!” खरेंच होतें, जुन्या लांब, बारीक तारांत व कळींत खर्ची पडणारा दाब आतां दिव्यांच्या वांट्यास येत होता. दिवे लागतांच बॉनेटखालून ‘टक्’ असा बारीकसा आवाज होतो. आमचें कुटुंब आतां तो ऐकल्यावांचून गाडी घाटास लावूं देत नाहीं.