अंगठ्यापर्यंतची वाट

मांडी घालून बसा, हात गुडघ्यांवर उताणे ठेवा, डोळे मिटा. आता फक्त उजव्या अंगठ्याच्या टोकाकडे लक्ष द्या. मिनिटा-दोन मिनिटांत तिथे काहीतरी जाणवेल: ऊब, बारीक झिणझिणी, नाहीतर नाडीचा ठोका. त्वचेकडून निरोप सतत येतच असतात, मेंदू त्यांतले बहुतेक गाळून टाकतो. लक्ष तिकडे वळलं की गाळणी सैल होते. शिवाय निवांत बसल्यावर हातातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून तळवे गरम होतात.

चिनी परंपरा या जाणिवेला 'ची' या प्राणशक्तीची खूण मानते आणि तिच्या 12 मुख्य वाटा सांगते. त्यातली फुप्फुसाची वाट नवशिक्याला सोपी. खांद्याजवळ, गळ्याच्या हाडाखालून निघायचं, दंडाच्या आतल्या अंगानं कोपराच्या खळीत उतरायचं, मग मनगटावर. वैद्य नाडी बघायला बोट ठेवतो ना, तिथूनच ती पुढे अंगठ्याच्या नखाच्या बाहेरच्या कोपऱ्याशी संपते. एकूण 11 बिंदू. शवविच्छेदनात अशी नळी सापडत नाही. तरी लक्ष फिरवायला नकाशा म्हणून ती मला उपयोगी वाटते.

'ह्वांगदी नेइचिंग' या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात अवयवांची ऋतूंशी सांगड आहे: वसंतात यकृत, उन्हाळ्यात हृदय, शरदात फुप्फुस, हिवाळ्यात मूत्रपिंड. शरद फुप्फुसाचा, कारण तिकडे तेव्हा हवा कोरडी पडते आणि घसा खवखवतो.

घोळ इथेच होतो. चिनी पंचांगात शरद 7-8 ऑगस्टला लागतो. तेव्हा आपल्याकडे श्रावणसरी, दोरीवरचे कपडे तीन दिवस वाळत नाहीत! पुढे आपला शरद येतो तो ऑक्टोबरच्या उन्हाचे चटके घेऊन, आणि आयुर्वेद त्याला पित्तप्रकोपाचा काळ मानतो. तेव्हा पुस्तकात लिहिलंय म्हणून ऑगस्टमध्ये छातीत कोरडेपणा शोधत बसू नका. शोधलात तर सापडेलही, मन तेवढं आज्ञाधारक असतं. आधी वहीत जाणीव लिहा: कुठे, कशी, किती वेळ. वाटेचं नाव नंतर.

आणि पायाला आलेल्या मुंग्यांना 'ची' समजू नका, ती दबलेली नस आहे, मांडी मोडा. उठून हिंडल्यावरही बधिरपणा जात नसेल, तर डॉक्टरांना दाखवा.