अर्ध्या तिकिटाच्या वयातला युरोप

आपल्याकडे एसटीचं अर्धं तिकीट बाराव्या वर्षी संपतं आणि विषय मिटतो. युरोपात हे प्रकरण एवढं सरळ नाही. शेंगेन व्हिसाच्या खिडकीवर बारा पूर्ण झालेलं मूल मोठ्यांत धरतात: सहा ते बारा वयाला ४५ युरो, त्यापुढच्या सगळ्यांना ९०, हा जून २०२४ पासूनचा दर. बोटांचे ठसेही बाराव्या वर्षापासूनच घेतात. रेल्वेच्या युरेल पासवर एका मोठ्या माणसाबरोबर चार ते अकरा वयाची दोन मुलं फुकट; बारा ते सत्तावीसला सवलतीचा ‘यूथ’ पास. स्वित्झर्लंडमध्ये मात्र आईबाबांकडे स्विस ट्रॅव्हल पास असला की सोळाच्या आतलं मूल फॅमिली कार्डावर रेल्वे, बस आणि बोटीतून फुकट हिंडतं. आणि पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात अठरा पूर्ण होईपर्यंत तिकीटच नाही, पासपोर्ट कुठल्याही देशाचा असो.

समजा, ठाण्यातलं चौघांचं कुटुंब आहे. मुलगी सतराची, मुलगा तेराचा. व्हिसाला चौघांचे पूर्ण पैसे. स्विस रेल्वेत मुलगा फुकट, मुलगी नाही. लूव्रमध्ये दोघंही फुकट. पण तिचा अठरावा वाढदिवस सहलीच्या आदल्या आठवड्यात आला तर? बहुतेक ठिकाणी वय धरतात ते प्रत्यक्ष भेटीच्या दिवशीचं. म्हणून अशा घराने सहलीचा विचार सुरू करताना नकाशाच्या आधी मुलांच्या जन्मतारखा समोर ठेवाव्यात.

पासपोर्टही तेव्हाच काढून बघावेत. अल्पवयीन मुलांचा भारतीय पासपोर्ट पाच वर्षांचा असतो (पंधरा ते अठरा वयात दहा वर्षांचा मागता येतो). पाचवीत असताना दुबईसाठी काढलेला पासपोर्ट दहावीत संपलेला असतो, आणि हे नेमकं व्हिसाचा फॉर्म भरताना लक्षात येतं. शेंगेन देशांतून परत निघाल्यावर पुढे किमान तीन महिने तो चालू असावा लागतो आणि त्यात दोन पानं कोरी लागतात.

तारखा ठरवणं हे महाराष्ट्रातल्या पालकांचं खरं दुखणं. बारावीच्या वर्षी सीईटी आणि जेईईच्या धामधुमीत युरोपचं नाव काढू नये. दहावीचं वर्ष त्यामानाने सोयीचं, कारण बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये आटोपते आणि अकरावीच्या प्रवेशांची धावपळ सुरू होईपर्यंत मधे एक फट मिळते. मे महिना तसा चांगलाच. पॅरिसमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो, रोममध्ये अजून अंगाची काहिली होत नाही. ज्यांना हॉलंडची ट्यूलिपची बाग बघायची असेल त्यांनी मात्र आधी तारीख तपासावी. कुकेनहॉफ वर्षातून जेमतेम आठ आठवडे उघडं असतं आणि मेच्या मध्याआधीच बंद होतं.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निकाल साधारण पंधरा दिवसांत लागतो, पण काही अर्जांना पंचेचाळीस दिवसही लागू शकतात. त्यात मुंबई-पुण्याच्या केंद्रांवर उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळायची मारामार. मेमध्ये निघायचं तर दिवाळीचा फराळ संपता संपता ठरवाठरवी सुरू झालेली बरी. मुलांसाठी शाळेचं बोनाफाईड, जन्मदाखला आणि अर्जावर आईवडील दोघांच्या सह्या लागतात. दोघांपैकी एकच बरोबर जाणार असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र जोडावं लागतं. शिवाय प्रत्येकाचा किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा.

आता देश किती?

जाहिरातींत दहा दिवसांत सात देश असतात आणि ते खोटंही नसतं. बस सातही देशांच्या रस्त्यांवरून जाते. मराठी घरांना युरोपची वाट दाखवली ती केसरी, वीणा वर्ल्डसारख्या टूर कंपन्यांनीच. आजीआजोबा बरोबर असतील, जेवणाचं पथ्यपाणी असेल तर ग्रुप टूर आजही सगळ्यांत सोयीची. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला रोज पहाटे सहाच्या वेक-अप कॉलने उठवून, सातला नाश्ता आणि आठला बस, असं दहा दिवस करून बघावं. पाचव्या दिवशी आल्प्स खिडकीबाहेर असतात आणि चिरंजीव हुडी डोळ्यांवर ओढून झोपलेले असतात. या वयाची झोपच उशिरा लागते, त्याला ते तरी काय करणार?

म्हणून देशांऐवजी रात्री मोजाव्यात. मुक्काम बदलायचा प्रत्येक दिवस अर्धा वाया जातो: बॅगा भरा, स्टेशन गाठा, नवं हॉटेल शोधा, तीन वाजेपर्यंत खोली मिळायची वाट बघा. चौदा रात्री हातात असतील तर तीन देश पुरे. पॅरिसला चार, इंटरलाकेनला चार, फ्लॉरेन्सला दोन आणि रोमला चार. जायचं पॅरिसला आणि परतायचं रोमहून, असं मल्टी-सिटी तिकीट काढलं की पुन्हा पॅरिसला जाण्यातला एक दिवस आणि चौघांचं भाडं वाचतं. पॅरिस ते बाझेल टीजीव्हीने तीन तास, तिथून इंटरलाकेन दोन तास. पुढे श्पीत्सला गाडी बदलून आल्प्सच्या पोटातून मिलान. या वाटेवरचा लोएचबेर्गचा बोगदा ३४ किलोमीटरहून लांब, आणि त्यानंतरचा सिम्प्लॉन १९०६ साली सुरू झालेला. मिलानहून फ्लॉरेन्स दोन तास, फ्लॉरेन्सहून रोम दीड तास. या एवढ्या प्रवासासाठी सबंध युरोपचा पास घेणं बहुधा महाग पडतं, कारण टीजीव्हीला आणि इटलीच्या वेगवान गाड्यांना पासवरही आरक्षणाचे वेगळे पैसे मोजावे लागतात. सुटी तिकिटं तीन-चार महिने आधी काढली तर बरीच स्वस्त मिळतात.

इथे एक पेच आहे. स्वस्त तिकीट लवकर काढावं लागतं आणि ते परत होत नाही; व्हिसा मात्र उशिरा हातात पडतो. त्यामुळे आधी फुकट रद्द करता येणारी हॉटेलं आणि विमानाचं आरक्षण, त्यावर व्हिसाचा अर्ज, आणि रेल्वेची न परतणारी तिकिटं शिक्का पडल्यावर, हाच क्रम शहाणपणाचा. त्यात चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

व्हिसा कोणत्या देशाकडे मागायचा, यावरही घरोघरी वाद होतात. नियम साधा आहे: जिथे सर्वांत जास्त मुक्काम, त्या देशाकडे, मुक्काम सारखा असेल तर जिथे पहिलं पाऊल, तिकडे. वरच्या आखणीत इटलीच्या सहा रात्री होतात, म्हणजे विमान पॅरिसला उतरत असलं तरी अर्ज इटलीचा. एका देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून कागदावर तिथल्या रात्री वाढवायच्या आणि व्हिसा मिळाल्यावर आखणी फिरवायची, असा सल्ला देणारे शहाणे प्रत्येक सोसायटीत भेटतात. त्यांचं ऐकू नये. मिळालेला व्हिसा शेंगेनच्या २९ही देशांत चालतो, पण लंडनला चालत नाही; ब्रिटन आणि आयर्लंड यांचे व्हिसा वेगळे. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, तरी शेंगेनमध्ये आहे. त्याचा त्रास वेगळ्याच ठिकाणी होतो: तिथलं चलन फ्रँक, आणि ‘युरोप’ म्हणून विकलेली काही ई-सिम तिथे चालत नाहीत. मुलांच्या दृष्टीने यातली दुसरी गोष्ट जास्त गंभीर.

त्यांना काय बघायचंय हे मात्र बहुतेक घरांत कुणी विचारतच नाही. आईबाबांच्या मनातलं स्वित्झर्लंड १९९५ च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’चं असतं: सानेनचा पूल, त्स्वाइजिमेनचं स्टेशन. सतरा वर्षांच्या मुलीच्या मनातलं स्वित्झर्लंड कोरियन असतं. ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ या मालिकेत नायक ब्रिएन्झ तळ्याच्या काठी इझेल्टवाल्ड गावातल्या लाकडी धक्क्यावर पियानो वाजवतो. ही मालिका गाजल्यावर त्या चिमुकल्या गावात पाहुण्यांची एवढी रीघ लागली की ग्रामपंचायतीने धक्क्यावर फिरतं फाटक बसवलं आणि पाच फ्रँक लावले. इंटरलाकेन ओस्ट स्टेशनाहून बसने हे गाव वीसेक मिनिटांवर आहे. इंटरलाकेनमध्येच यश चोप्रांचा पुतळाही आहे, २०१६ पासून. एका सकाळीत दोन्ही पिढ्यांची तीर्थयात्रा उरकते, आणि उरलेला दिवस लाउटरब्रुनेनच्या धबधब्यांना मिळतो.

युंगफ्राउयोखला जायचंच असेल तर आदल्या दिवशी तिकीट काढून मोकळं होऊ नये. सकाळी वरच्या वेबकॅममध्ये बघावं आणि मगच निघावं. ३,४५४ मीटरवर १९१२ पासून आगगाडी जाते, पण ढग असले तर वर जाऊन पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही आणि खर्च भरपूर होतो. स्विस पास शेवटच्या टप्प्यावर नुसती सवलत देतो. एवढ्या उंचीवर धावपळही करू नये. तेरा वर्षांच्या मुलाला हे सांगून उपयोग नाही, पण सांगावं.

प्रत्येक मुलाला एक दिवस पूर्ण देऊन टाकावा, हा अनुभवी पालकांचा सल्ला मोलाचा आहे. नुसती जागा निवडायची नाही, तर वेळ, तिकीट, मेट्रो, जेवण, सगळं त्यानेच बघायचं. असं केलं की खाचाखोचा आपोआप कळतात. लूव्र मंगळवारी बंद. व्हर्सायचा राजवाडा आणि ओर्से संग्रहालय सोमवारी बंद, फ्लॉरेन्सची उफिझी गॅलरीही सोमवारी. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडून बाकी रविवारी बंद. सोमवारी व्हर्साय ठेवणारी मुलगी घरी, डिसेंबरमध्येच, स्वतःची चूक स्वतः शोधते. तेच बाबांनी दाखवलं असतं तर तोंड फुगलं असतं.

चित्रांच्या बाबतीत फार अपेक्षा ठेवू नये. या वयाचा पेशन्स दीड तासाचा असतो, आणि खरं तर मोठ्यांचाही तेवढाच असतो, ते बोलत नाहीत एवढंच. त्यापेक्षा फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट चढायला द्यावा: ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही. ब्रुनेलेस्कीने तो खालून लाकडी सांगाड्याचा आधार न देता १४२० ते १४३६ मध्ये उभारला. वरची वाट घुमटाच्या आतल्या आणि बाहेरच्या कवचांच्या मधून जाते. बाजूला वाकलेल्या भिंतीला खांदा घासत वर जाताना बांधकामाची युक्ती जेवढी कळते तेवढी कुठल्या पुस्तकातून कळत नाही. रोमच्या कोलोसियममध्ये अठराच्या आतल्यांना पैसे पडत नाहीत, पण शून्य किमतीचं तिकीट आधी काढावं लागतं. तिकिटावर नाव असतं, म्हणून ओळखपत्र जवळ हवं. सेंट पीटर्समध्ये गुडघे आणि खांदे झाकलेले लागतात. मेच्या उन्हात शॉर्ट्समधल्या मुलाला दारातून परत पाठवतात, तेही तासभर रांगेत उभं राहिल्यावर.

हॉटेलची खोली हा आणखी एक खर्चाचा खड्डा. युरोपातल्या शहरांत चौघांची खोली क्वचित मिळते, आणि मिळाली तरी सतरा वर्षांच्या मुलीने तेरा वर्षांच्या भावाशी सोफाबेड वाटून घ्यावा ही अपेक्षा दोन रात्रींच्या पुढे टिकत नाही. दोन खोल्या किंवा वॉशिंग मशीन असलेलं अपार्टमेंट, हेच धरून चालावं. यूथ हॉस्टेलांतही आता चार खाटांच्या स्वतंत्र खोल्या मिळतात. रोम आणि फ्लॉरेन्सला माणशी, दर रात्रीचा शहर कर वेगळा द्यावा लागतो. ऑनलाइन दिसणाऱ्या दरात तो बहुधा नसतो. परदेशी सहलीचं पॅकेज घेतलं तर कंपनी त्यावर टीसीएस हा आगाऊ कर घेते. तो बुडत नाही, रिटर्न भरताना वळता होतो, पण निघायच्या वेळी रक्कम खिशातून जातेच.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर नवी प्रवेश-निर्गमन प्रणाली सुरू झाली आहे. पासपोर्टवरच्या शिक्क्याची जागा चेहऱ्याच्या फोटोने आणि नोंदणीने घेतली. शिक्के जमवण्याची हौस असलेल्या मुलांना हे आधीच सांगून ठेवावं. विमान बदलताना शेंगेनमधला पहिला थांबा जिथे, तिथेच ही नोंद होते. त्या विमानतळावर दीड-दोन तासांची सवड ठेवावी.

राहिला खाऊ. थेपले, खाकरे, मेतकूट, चकल्या, बाकरवडी खुशाल न्यावी. दूध आणि मांसाचे पदार्थ मात्र बाहेरच्या देशांतून सामानात नेता येत नाहीत, म्हणजे पेढे आणि मावा बाद. फळांचंही कडकच आहे. अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन एवढी पाच सोडून कुठलंही ताजं फळ नेताना वनस्पती-आरोग्याचा सरकारी दाखला लागतो. फळमाशीच्या भीतीने २०१४ च्या मेमध्ये युरोपने भारतीय आंब्याची आयातच थांबवली होती. ती पुढच्या वर्षी खुली झाली. तरी सामानातल्या आंब्याला दाखला लागतोच, त्यामुळे म्युनिकच्या मावशीसाठी देवगड हापूसची पेटी घरीच राहील. डब्यातला आमरस चालतो, पण तो चेक-इनच्या बॅगेत टाकावा. हातातल्या बॅगेत तो सुरक्षा तपासणीच्या लेखी द्रवपदार्थ ठरतो.